बरका

गावाचं नाव बरका.
फोनवर जाऊबाई हसल्या होत्या,
"मग कापा कुठे राहतो?"
फणस नाही इथे. वाळू, खजुरी,
आणि भिंतीआड माझी सात वाफ्यांची वाडी.

अळू एसीच्या पाण्यावर.
नळीखाली बादली, दिवसाला पावणेतीन.
रात्री कॉम्प्रेसर थांबला की मला जाग येते.

दुधीला मधमाशी नाही.
पहाटे नर फूल खुडून
मादीच्या कपाळाला टेकवते, हळद लावल्यासारखं.
हे विचारतात,
"तू मुलाकडची की मुलीकडची?"

मिरच्यांना मात्र विहिरीचं. मचूळ.
जूनमध्ये धणे-मेथी भरून
ताकात बुडवल्या, गच्चीवर मांडल्या.
गुहागरला आठ दिवस लागायचे,
वर कावळ्यांची राखण.
इथे दुसऱ्या दुपारी
सुपात खुळखुळ वाजल्या.

उम्म सुलतान एक बरणी घेऊन गेली,
मासळीभातावर चुरडून खाल्ली म्हणे,
नाक पुसत पुसत.
बरणी परत आली, रिकामी नाही:
काळी, पोकळ, वाळकी लिंबं.
लुमी.
आता आमच्या आमटीत आमसुलाच्या जागी तीच.
आधी कडू लागली. मग नाही.

दिवाळीत दीड किलो मिरची बॅगेतून नेली.
कपडे कमी केले त्यासाठी.
जाऊबाईंनी तळली, एक तोंडात टाकली.
"मीठ जरा सढळ पडलंय हो."

मीठ तर मी घालायचं विसरले होते.
बोलले नाही.
आणखी एक कढईत सोडली.