चाळीस किलो सातशे

कांदा-बटाटा मार्केटात, गाळ्याच्या तोंडाशी
गजाबा तोलारानं मला काट्यावर उभं केलं.
चपला काढ म्हणाला. काढल्या.
चाळीस किलो सातशे.

गोणी पन्नासची असते.
एकवीस वर्षं ती मी पाठीवर घेतली,
ट्रकातून गाळ्यात, गाळ्यातून टेम्पोत,
आणि आता गोणीनंच मला उचलावं
असा हिशेब झालेला.
टोळीतलं कुणी हसलं नाही.
बाजी पार्टे आकडा खांद्याला अडकवून
नुसता कांद्याच्या सालींकडे बघत राहिला.

लपवत नाही, दारूही होती.
खोकला तिच्या आधी आला की मागून, देवाला ठाऊक.
तुर्भे स्टोअरची खोली थकलेल्या भाड्यात गेली,
वनिता पोरं घेऊन मेढ्याला, आईकडं.
जायच्या आधी महिनाभर
माझा पेला तिनं वेगळा ठेवला होता.
त्या पेल्याचा राग मला फार दिवस पुरला.

टोळीनं सभा-बिभा घेतली नाही.
हमालीचे वाटे पडले तेव्हा
मुकादमानं माझं नाव खोडलं नाही, एवढंच.
माणसं बारा, वाटे तेरा.
नव्या पोरानं विचारलं, हे कसं काय?
बाजी म्हणाला, तू आडवा पडशील तेव्हा कळेल.

झोपायला आधी गाळ्याचा पोटमाळा,
बारदानाच्या धुळीत.
दवाखान्यातली डॉक्टरीण ओरडली, याला खिडकी पाहिजे.
खिडकी म्हणजे अनामत.
अनामत भिशीतून आली, कुणाचा तरी नंबर मागं सरकवून.
कोपरी गावात बेबीबायची खोली,
खिडकी एक, बिजागरी गंजलेली, पण उघडणारी.
भाड्याचं काढलं तर म्हातारी अंगावर आली:
"आदी आंग भर रं, मंग भारा भर."
रोज दुपारी दाराशी सुकटीची वाटी,
वर पेपर, पेपरवर दगड, मांजरासाठी.

सकाळी आशाताई, करुणा सोनावणे,
गोळ्या गिळेपर्यंत समोर उभी.
जीभ दाखव म्हणायची, शाळेतल्या पोराला म्हणावं तसं.
लघवी केशरी झाली तेव्हा घाबरलो.
औषधाचा रंग आहे, म्हणाली, रक्त नाही.

तिसऱ्या महिन्यात बरं वाटलं
आणि बरं वाटलं तेच वाईट झालं.
दोन दिवस तिला दार उघडलं नाही.
संध्याकाळी पाय आपोआप गुत्त्याकडं.
तिथं लियाकतचा टेम्पो आडवा उभा.
बस, म्हणाला. बसलो.
ऐरोलीच्या पुलापर्यंत जाऊन आलो,
माल नाही, बोलणं नाही.
डिझेल त्याचं.

शनिवार काट्याचा.
गजाबा जुन्या पट्टीच्या मागं लिहायचा:
बेचाळीस. त्रेचाळीस तीनशे. परत बेचाळीस नऊशे,
त्याच्यापुढं एक शिवी.
सेहेचाळीस झालं तसं
व्यापारी कांद्याच्या भावाआधी
माझा भाव विचारायला लागले.

सहा महिन्यांनी थुंकी साफ. तसा कागद मिळाला.
बाजीनं त्याचा फोटो मेढ्याला पाठवला,
मला न विचारता.
आठवड्यानं वनिता आली. दोन पोरं. एक पिशवी.
धाकट्या ईश्वरीला काट्यावर ठेवलं, एकोणीस भरली.
"दिवाळीपर्यंत तुला एवढंच ओझं," बाजी म्हणाला,
आणि माझ्या कडेवर दिली.

वनिता अजून फार बोलत नाही.
पिशवी खिळ्याला, भरलेली, चेन लावलेली.
वजन मला नजरेनं कळतं, धंदाच तो.
आली त्या दिवशी सहा किलो असेल.
मी विचारत नाही.
काल तिच्यातली एक साडी दोरीवर होती.
आज पहाटे बघतो तर
पेले घासून पालथे घातलेले,
चार, एका ओळीत.
त्यातला माझा कुठला
मलाही ओळखता आला नाही.