हाताला लागेल असं

हर्णैला बर्फाच्या कारखान्यामागे
माझं गेमचं दुकान आहे, दहा बाय अकरा.
एक टीव्ही, एक काळा डबा, बाकडं,
आणि तासाचा दर खडूनं लिहिलेला, खाडाखोड करून.

डबा कुठलाही असो, खारा वारा आधी बटणं खातो.
दोन वर्षांत चार कंट्रोलर गेले.
आत तांब्यावर हिरवा कळंक,
डावं बटण दाबलं की गाडी आधी विचार करायची,
मग जायची.

शेवटचाही मेला तेव्हा तो
जैनुद्दीन होडेकरांकडे नेला. ते इंजिनं दुरुस्त करतात.
त्यांनी उघडला, वास घेतला, परत दिला.
"अगो, ह्यात दुरुस्त करण्याजोगं काही नाहीच.
ह्याला वजनच नाही."

आठ दिवसांनी हातगाडीवरून घेऊन आले:
मोडलेल्या होडीच्या सुकाणूचा दांडा, फणसाचा,
कोणाकोणाच्या घामानं काळा झालेला,
खाली इंजिनाची स्प्रिंग, पायाशी काथ्याचा दोर,
आणि सगळ्याच्या पोटात
फुटक्या मोबाइलमधली नखाएवढी चकती,
जिला कळतं आपण किती कललो.
दोर ओढला की वेग, सोडला की ब्रेक.
बटण एकही नाही.

पण सुकाणू ते सुकाणूच.
डावीकडे लोटलं की उजवीकडे जायचं
हा त्याचा जन्माचा हट्ट,
जैनुद्दीनभाईंनी मोडला नाही.
मुरूडच्या रिसॉर्टात उतरलेला पुण्याचा एक मुलगा
म्हणाला ही गेम मला पाठ आहे,
आणि पहिल्या वळणावर दुकानात घुसला, दुसऱ्यावर नदीत.
"उलटं आहे हे!" तो ओरडला.
बाकड्यावरचे खलाशी एकमेकांकडे बघत राहिले.
त्यांना उलटं काय तेच कळेना.

बंदीचे दिवस होते. होड्या वर ओढून
झापांखाली झाकलेल्या, माणसं मोकळी.
हसुराम तांडेल रोज दारात उभे राहत, आत येत नसत.
उजव्या हाताचा अंगठा विंचनं नेला,
दाभोळसमोर, अठरा वाव पाण्यात.
जगातले सगळे कंट्रोलर अंगठ्यांसाठी असतात
हे मला तेव्हा सुचलं, धंद्यात सहा वर्षं काढल्यावर.
ठरवलं कोणी? ज्यांचे दोन्ही शाबूत त्यांनी.

दांडा त्यांच्याकडे सरकवला.
त्यांनी तो काखेत घेतला,
रात्रभर उभं राहायचं असलं की घेतात तसा,
आणि दोर पायाच्या बोटांत.
पडद्यावर कुठल्याशा परदेशातला बर्फाळ घाट,
आणि हे गाडी वाऱ्यावर धरून बसलेले.
चौथे आले. एकदाही आपटले नाहीत.
उठताना म्हणाले, "रस्त्याला पाणी कमी आहे."

दापोलीत नवं दुकान झालंय, नवा डबा,
गवताचं पातं न पातं दिसतं म्हणे.
आमची पोरं एसटीनं जाऊन बघून आली.
चित्र झकास, म्हणाली, पण हाताला काही लागत नाही.
आमच्याकडे हे वाक्य
जाळं रिकामं आलं की म्हणतात.

रत्नागिरीचा एक वितरक फोटो काढून गेला.
म्हणाला दांडा प्लॅस्टिकचा करा, स्प्रिंग ढिली,
उलट्याचं सुलटं करा, मग हे कुठंही चालेल.
"कुठंही चालायला ती काय चप्पल आहे?"
एवढंच बोलून जैनुद्दीनभाई कामाला लागले.

नारळी पौर्णिमा झाली. होड्या गेल्या.
दुपारी दुकानात मी आणि पंखा.
निघायच्या आदल्या दिवशी हसुराम तांडेल
ग्रीसचा डबा घेऊन आले,
बिजागरीला लावलं, चार बोटांनी,
स्प्रिंग दाबून बघितली.
"मी येईपर्यंत कोणाला ढिली करू देऊ नको."

पोरं रोज मागे लागतात. हात दुखतो म्हणतात.
दुखू दे, मी म्हणते,
आणि पाना गल्ल्यात टाकून कुलूप लावते.