मागे सांगा

फॉर्मवर 'वर्ष' असा एक रकाना होता.
प्रथम, द्वितीय, यांत मी कुठेच बसत नव्हतो.
लिहिलं : नोकरीचं एकोणिसावं.
विभाग रसायनशास्त्र. पद प्रयोगशाळा परिचर.
म्हणजे बाटल्या धुणारा,
पण तेवढी जागा नव्हती.

शर्वाणी तुपे, क्लबची कॅप्टन,
तिनं आधी फॉर्म वाचला, मग माझी सायकल वाचली :
बावीस इंची, काळी, मागे कॅरियर, पुढे डायनॅमो,
दांडीवर मुलगी लहान असताना बसवलेली सीट.
मुलगी आता नाशिकला असते. सीट आहे.
"गिअर किती?"
"एकच. तोही ऐकत नाही."
"चालेल. रविवारी सव्वापाच, मेन गेट."

हेल्मेट क्लबचं.
आत कुणाच्या तरी शाम्पूचा वास.

पहाटेचा गणेशखिंड रस्ता इतका रुंद आहे
हे बसच्या खिडकीतून कधी कळलं नव्हतं.
वडांच्या जागी आलेले मेट्रोचे खांब
एकेक करून मागे गेले,
पाषाण गेलं, बेकरीचा वास गेला,
आणि पुढून पहिली हाक आली :
"खड्डा उजवीकडे, मागे सांगा!"
शर्वाणीनं सांगितलं लालरिनपुईला,
तिनं तन्वीरला, तन्वीरनं कुणा जाड पोटऱ्यांच्या मुलाला,
सतरा तोंडं ओलांडून माझ्यापर्यंत आलं तेव्हा
नुसतं "...ड्डा" उरलं होतं
आणि मी त्यात होतो.

लालरिनपुई मिझोरामची.
चांदणी चौकाचा चढ दिसला
तशी ती पेडलवर उभी राहिली,
गावची एसटी दिसल्यावर माणूस उभा राहतो तशी.
मी उतरलो.
छातीत कुणीतरी भाता चालवत होतं.
सायकल हातात धरून निघालो,
मान खाली, जणू चेन बघतोय.

थोड्या वेळानं शेजारी आणखी दोन चाकं चालू लागली.
तन्वीर मुजावर, मिरजेचा,
सायकल माझ्या चार पगारांची,
तीही हातात.
मागच्या सत्रात यानं तीन ब्युरेट फोडल्या.
दंडाची पावती मीच लिहिली होती.
दोघांनाही आठवत होतं.
अर्धा चढ तसाच गेला.
मग तो म्हणाला, "काका, ती तिसरी खरंच आधीच तडकलेली होती."
"माहीत आहे," मी म्हणालो.
"मग?"
"रजिस्टरला तडा चालत नाही. फुटलेली लागते."
तो इतका हसला की त्याची सायकल पडली.

खडकवासल्याला पाणी खाली गेलेलं.
गाळात कुणाची तरी चप्पल, एक बगळा.
चहाचे पैसे द्यायला मी खिसा चाचपला
तर मुलं ओरडली, पहिल्या वेळेला नाही, नियम आहे.
असला नियम नसावा.
शर्वाणी भिंतीवर बसून
समोरच्या डोंगरातले लाव्ह्याचे थर मोजत होती,
मध्येच वळून म्हणाली, "मागे तुम्ही रहाल का?
म्हणजे दर वेळेला. सगळ्यात शेवटी.
तिथं घाई नसलेलं माणूस लागतं."
मी नळाखाली हात धुतले.
हात धुताना मला बरं सुचतं, सवय आहे.
"राहतो," म्हणालो.

उतारावर वारा शर्टात शिरून पाठीशी फुगला.
मुलीची रिकामी सीट खडखडत होती,
डायनॅमो उगाचच गुणगुणत होता, भर उजेडात.
उत्तमनगरच्या अलीकडे हाक आली,
आता मी आधीच कान लावून होतो,
पूर्ण ऐकू आली, डावीकडे, खोल आहे,
आणि मीही मान वळवून ओरडलो,
बेंबीच्या देठापासून,
"खड्डा डावीकडे, मागे सांगा!"

मागे कुणी नव्हतं.
रस्ता, कडेचं गवत,
आणि बरंच लांब एक दूधवाला,
किटल्या वाजवत येणारा.
त्यानं गाडी उजवीकडे घेतली.