मधला गंधार

नागपूरचे पिंटो फोनवर म्हणाले,
सहा हजार, वर परतवाड्याहून जीप.
आणि तुम्ही हात लावू नका हो,
तार तुटली तर डोळा जाईल.

मी मिशन दवाखान्यातला कंपाउंडर.
बोअरचा पंप खोलतो, ऑटोक्लेव्हचं वायसर बदलतो.
दोनशेवीस खुंट्या म्हणजे काय,
रोज संध्याकाळी दहा.

झाकण काढलं. आत उंदरानं नेलेली सरकी,
मेणबत्तीचं एक थोटूक,
आणि मे महिन्याचं ऊन
अजून लाकडात तडतडत.

पाना बसला. केसभर फिरवला.
तार कण्हली, मग जागेवर आली
निखळलेल्या खांद्यासारखी.

मधला गंधार मात्र उतरलेला,
कधीपासून कोण जाणे.
शलोमीबाई चाळीस वर्षं तोच वाजवत गेल्या
आणि आमची अख्खी मंडळी
त्या ओळीला तेवढीच खाली उतरते.
परगावचा पाहुणा फक्त दचकतो.

पिंटो आले तर आधी तोच चढवतील.
त्यांचं बरोबरच आहे.

खुंटीवर पाना ठेवून बसलोय.
दारातून एस्तेर विचारते, काका, झालं का?

होऊन रायलं ना वं, म्हणतो,
आणि पाना
पुढच्या खुंटीवर नेतो.