वजा चारशे बारा

सकाळचे साडेपाच. औलूत उजाडायला अजून चार तास.
समोरची राइया फावड्यानं बर्फ ओढतेय,
काल ओढला होता त्याच वाटेवरचा.
मी स्वयंपाकघरात. राईच्या पावाचा चुरा, लॅपटॉप,
आणि कंपायलर सांगतोय: एकोणनव्वद इशारे.
चूक एकही नाही म्हणे. नुसते इशारे,
कुणी दाराबाहेर घसा खाकरत उभं राहावं तसे.

हा सर्व्हर माझा नाही. कुणा एकाचा नाहीच.
फुकट आहे, उघडा आहे, पंचविशी ओलांडलेला आहे.
काम एवढंच:
कुणी लांबचं पान मागितलं की एकदा जाऊन आणायचं,
एक प्रत फडताळात ठेवायची,
दुसऱ्यानं तेच मागितलं तर आतूनच काढून द्यायची,
आणि देण्याआधी हुंगून बघायची, शिळी तर नाही.
सगळी अक्कल त्या हुंगण्यात.
बाकी नुसती उचलठेव.

काय करतेस म्हणून कुणी विचारलं तर सांगते, झाडलोट.
एकाच गोष्टीला तीन नावं होती, एक ठेवलं.
सोळा बाइटांच्या डब्यात वीस कोंबणारी ओळ सापडली;
इतकी वर्षं सांडलं कसं नाही, देव जाणे.
मेलेल्या एका प्रोटोकॉलची अख्खी खोली होती,
दार ढकललं तर आत दिवा चालू.
मालवला.

आणि तिथेच, तीनशे चौदाव्या ओळीवर:
सात सेकंद थांब.
वर शेरा: याला हात लावू नका. पे.
कारण नाही, तारीख नाही. नुसता पे.

पेन्टी हल्ली हायलुओतो बेटावर होड्यांना डांबर लावतो.
गोठलेल्या समुद्रावरच्या रस्त्यानं गेले,
छापलेला कागद पुढे धरला.
त्यानं तो लांब नेऊन पाहिला. अक्षर माझंच, म्हणाला.
अक्षर कसलं, टाइप केलेलं ते.
मग सात सेकंद कशासाठी?
आठवत नाही. थंडी असेल.
आणि कॉफी ओतली, दोनदा.

घरी येऊन ती ओळ काढली.
चाचण्या सगळ्या हिरव्या.
वजा चारशे बारा, अधिक नऊ.
ओळी वाढवणाऱ्याला टाळ्या मिळतात,
घटवणाऱ्याला झोप.
मला लागली.

सतराव्या दिवशी फेलेती नावाच्या मास्तरांचं पत्र.
सामोआच्याही पलीकडे कुठलंसं बेट,
शाळेत एकसष्ट मुलं, वर एक उपग्रह,
तोही सरकताना अडखळणारा.
पूर्वी पान उशिरा यायचं, त्यांनी लिहिलं होतं,
आता येतच नाही.
आमचं काही चुकलं का?

आमचं काही चुकलं का.
चमचा सुपात तसाच राहिला.

मोजून पाहिलं. तुटलेला धागा पुन्हा जुळायला
तिकडच्या आभाळाला लागतात साडेसहा सेकंद.
पेन्टीला फोन केला.
अरे हो, म्हणाला, केमियार्वीच्या वाचनालयातला मोडेम!
तो तर कधीच भंगारात गेला असेल.
थांबणं तेवढं मागे उरलं होतं,
बिनकामाचं म्हणून मी काढायला निघालेलं,
आणि पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला
मुलं त्याच्यावर भूगोल शिकत होती.

ओळ परत ठेवली. अधिक एक.
वर शेरा, माझा, ओळीपेक्षा अकरा पट लांब:
मोडेम, उपग्रह, साडेसहा सेकंद, मास्तरांचं नाव,
आजची तारीख. आणि शेवटी:
हात लावायचा तर लावा, पण आधी यांना विचारा.
खाली पूर्ण नाव घातलं, हिल्लेवी कोर्केआकोस्की.
त्याच्याही खाली पेन्टीचा शेरा, होता तसाच.
तो पुसवेना.

बाहेर फावड्याचा आवाज.
राइयानं सकाळी केलेली वाट दिसत नाहीये.
इशारे अजून अडतीस.
त्यातला पहिला उघडते.