खालची बाजू

लिफ्ट वर गेली तशी गाडी गप्प झाली.
इतका वेळ रबाळ्याच्या गल्लीत
नुसता आवाज लावून उभी होती.
दोन सीटची, लाल, सव्वीस वर्षांची,
बॉनेट असं की त्यात बघून मिशी विंचरावी.

टिपणीस म्हणाले, "फक्त तपासल्याचा कागद द्या.
रविवारी खारघरचा एक मुलगा बघायला येतोय.
इंजिन ऐका हो, इंजिन!"
इंजिन सगळेच ऐकवतात.

मी टॉर्च दातांत धरली.
खालून गाडी आपला सगळा पत्ता सांगते:
ऐरोलीची खाडीकाठची सोसायटी,
उधाणाला पार्किंगमध्ये चढणारं घोटाभर पाणी,
मागच्या चाकावर वाळलेला चिखल,
त्यात तिवराचं एक पान, अजून खारट.
ब्रेकच्या नळीवर हिरवट पुळ्या.

मग पेचकसाची मूठ घेतली.
धड पत्रा टण म्हणतो.
उजवीकडे टण, टण, टण.
डावीकडे, जॅक लावायच्या जागेशी,
थप.
ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखं.

टोक लावलं तर पेचकस आत गेला
मुठीपर्यंत.
मी ढकललाही नव्हता.

काळा लेप सालीसारखा निघाला,
त्याखाली पट्टी, पट्टीखाली
पापुद्रे, पापुद्रे, भुगा.
आणि पट्टीच्या कडेला वेल्डिंगची रेघ
शेवटी डावीकडे वळलेली, विंचवाच्या नांगीसारखी.

रिझवान म्हणाला, "कुणा अडाण्याचं काम, उस्ताद?"

मी डावखुरा.
पावण्याला अंतोनच्या शेडमध्ये, एकोणीस वर्षांचा,
गंज न घासता पट्टी मारली होती एका लाल गाडीला.
"वरून काळं फास," अंतोन म्हणाला,
"खाली कोण वाकतंय?"
फासलं. दोनशे रुपये मिळाले, त्याचा गॉगल घेतला.

काळं फासलं की पाणी आत जात नाही म्हणतात.
आतलं बाहेर येत नाही,
हे मला कोणी सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही.

टिपणीस लिफ्टखाली आले, इस्त्रीच्या पँटीत,
मान वर करून, पहिल्यांदाच.
"ह्या बाजूला आमची सानिका बसायची.
लोणावळ्यापर्यंत पाय डॅशबोर्डवर."
ह्याच पत्र्यात तिच्या बेल्टचा बोल्ट आहे.
मी तो बोटांनी हलवून दाखवला.
बोटांनी.

त्यांनी बराच वेळ काही विचारलं नाही.
चष्म्यावर गंज पडला तो पुसला,
तर तांबूस फराटा उठला काचभर.

फॉर्मवर लिहिलं: ब्रेकची नळी, बदला.
तळाचा पत्रा, नापास.
गाडी रस्त्यावर काढू नये.
आधीचं काम कोणाचं, असा रकाना
आमच्या फॉर्मवर नाही.
समासात नाव घातलं माझं,
पूर्ण, आडनावासकट,
आणि कागद रिझवानकडे दिला, त्याने आधी वाचावा म्हणून.

मग लिफ्ट खाली घेतली.
जमिनीला टेकता टेकता
गाडी परत लाल झाली.