खुर्चीवर चिठ्ठी : मेडिकल

भोसरीच्या बंद पडलेल्या कारखान्यात
त्यांनी आयसीयू उभारलाय.
जिथे नट-बोल्ट मोजले जायचे तिथे सहा खाटा,
भिंतीला फिकट हिरवा रंग, आणि एकही डास नाही.
मला धायरीहून न्यायला गाडी येते:
इंदुमती गव्हाणे, निवृत्त सिस्टर, ससून, चौतीस वर्षं.
चहा मिळतो. खुर्ची मिळते.
खुर्चीवर चिठ्ठी : मेडिकल.

पहिल्याच दिवशी एक्स-रे उलटा टांगलेला.
काळीज उजवीकडे.
मी म्हटलं, असा पेशंट दहा-बारा हजारांत एखादा असतो.
दिग्दर्शक खूश : "असतो ना? मग राहू दे."

मॉनिटरवर रेषा सपाट झाली
की डॉक्टर झालेला देखणा मुलगा
पॅडल एकमेकांवर घासतो, ओरडतो, शॉक देतो.
सपाट रेषेला शॉक देत नाहीत, मी सांगितलं.
थरथरणाऱ्या काळजाला देतात, थांबलेल्याला नाही.
थांबलेल्याला इंजेक्शन, आणि हात.
सरळ कोपरांनी, छातीच्या मधोमध,
मिनिटाला शंभराच्या वर,
आणि कधी बरगडी मोडल्याचा आवाज,
जो मग घरी शेंगा फोडतानाही ऐकू येतो.
"मावशी," तो म्हणाला, "हात दिसत नाहीत हो. शॉक दिसतो."

खरं आहे त्याचं.
एका पहाटे लोणी काळभोरचा एक मुलगा
आमच्या काचेवर थापा मारत होता,
शॉक द्या ना! शॉक का देत नाही?
आत त्याच्या बापावर आम्ही पाळीपाळीने
सव्वीस मिनिटं हात चालवले.
त्याने ती मिनिटं नाही मोजली.
त्याने न दिलेला शॉक मोजला.
अजून मोजत असेल.
हे कुणाशी भांडू?
दिग्दर्शक तेव्हा शाळेत होता.

घशात नळी असताना पेशंट म्हणतो, पोरांना सांभाळ.
आवाजच निघत नाही, मी म्हटलं.
लेखिका म्हणाली, संवाद मंजूर झालाय.
कोमातल्या बाईची लिपस्टिक ताजी.
सलाईनची बाटली तीन भाग झाले, तेवढीच.
पण छाती दाबताना नट कोपरं वाकवतो,
त्यावर मी काही बोलले नाही.
खाली झोपलेला कलाकार जिवंत होता.
जिवंत माणसावर खरं करून दाखवता येत नाही.

ऋजुता बारामतीची. नर्स झालीये.
तिला दोनच वाक्यं :
"हो डॉक्टर" आणि "बीपी पडतंय".
डबा घेऊन शेजारी बसली.
"पेशंट गेला की तुम्ही आधी काय करता?"
मला वाटलं, रडता का विचारतेय.
म्हटलं, आधी अलार्म बंद करते.
मशीनला माणूस गेल्याचं कळत नाही, ते केकाटत राहतं.
घरचे आत येतील तेव्हा कानात ते नको.
मग बांगड्या. साबण लावून.
आता दुखत नाही, तरी ओढायच्या नाहीत.
मग यादी : बांगड्या चार, डोरलं एक, चष्मा, एक काडी मोडलेली.
तिची भाजी गार झाली.

भाग एकशे बेचाळीस.
मध्यभागी देखणा डॉक्टर, डोळ्यांत पाणी.
मागे, धूसर, ऋजुताचा हात पुढे येतो
आणि आवाज थांबतो.
तीन सेकंद.
मग लगेच व्हायोलिन.
आमचे हे म्हणाले, एवढं काय बघतेस वाकून?
शेवटी नावं धावली; माझं आडनाव गव्हाळे झालं होतं.

नऊ वाजून पाच मिनिटांनी फोन.
औंधहून मार्गारेट साळवे, माझ्या हाताखाली शिकलेली.
"मॅडम, तिने अलार्म आधी बंद केला."
"हो."
"तुम्ही आहात ना तिथे?"
"खुर्ची आहे."
ती हसली. तिच्या मागे कुणाचा तरी खरा मॉनिटर
टिक टिक करत होता, नीट, एका लयीत.
मग बिघडला.
"चार नंबर," ती म्हणाली,
आणि फोन तसाच टेबलावर ठेवून गेली.
मी कापला नाही.